प्रकटीकरण शिकवायला घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाने तुमच्या गळ्यात प्रकटीकरणाचा, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, बारा आठवड्यांचा अभ्यासवर्ग घातला आहे. यूट्यूबवर बघाल तितकं कमी, आणि प्रत्येक जण वेगळंच सांगतो. मंडळीतले एक वडील रोज सकाळी पश्चिम आशियाच्या बातम्या वचनांसकट ग्रुपवर टाकतात. वर्गातली दोन-तीन मुलं घाबरून गेली आहेत. तर सुरुवात कुठून करायची, कोणतं मत शिकवायचं, आणि त्या बातम्यांचं काय करायचं? शिवाय ६६६ आणि 'उचलले जाणं' याबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय.

तीस वर्षांहून जास्त काळ मी हे शिकवतोय. त्यातली पहिली सहा-सात वर्षं चुकीचं शिकवलं. उत्तर तिथूनच सुरू करतो, कारण तुम्ही आत्ता ज्या वळणावर उभे आहात तिथेच मी घसरलो होतो.

जानेवारी १९९१. आखाती युद्ध पेटलं होतं. मी सव्विशीतला, नुकताच शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, वर्गांमधून बाहेर पडलेला. कुणीतरी मला अमेरिकन तक्त्यांचं एक पुस्तक दिलं. त्यातले तक्ते क्लॅरेन्स लार्किन नावाच्या माणसाच्या धर्तीवरचे होते. हा गृहस्थ पाळक होण्याआधी यंत्रांचे आराखडे काढायचा, आणि ते त्याच्या तक्त्यांत दिसतं: सगळं कसं कंपासने आखल्यासारखं. मी चार मीटर मांजरपाट आणला, त्यावर पोस्टर कलरने डावीकडे एदेन बाग, उजवीकडे नवं यरुशलेम आणि मध्ये सात युगांच्या सात कमानी काढल्या. सद्दाम हुसेन इराकमधल्या बाबेलचे (बॅबिलॉनचे) अवशेष पुन्हा बांधून काढत होता, विटांवर स्वतःचं नाव कोरत होता, हे खरंच होतं. प्रकटीकरणात बाबेल आहे, फरात नदी आहे. मला आणखी काय हवं होतं? तालुक्याच्या गावी सलग नऊ संध्याकाळी वर्ग झाले. आसपासच्या वाड्यांवरून लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून यायचे. मी वेताच्या छडीने सहाव्या कमानीचं टोक दाखवायचो आणि म्हणायचो, आपण इथं आहोत.

फेब्रुवारीअखेर युद्ध संपलं. तक्ता संपला नाही. तो मी आणखी चार गावांत नेला. जूनमध्ये त्या पहिल्या वर्गातल्या एका मुलाचा डी.एड.ला नंबर लागला आणि त्याने फी भरली नाही. मला म्हणाला, "सर, दोन वर्षांचा कोर्स. तेवढा वेळ आहे कुठं आता?" खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचं कौतुक वाटलं. पंधरा-सोळा वर्षांनी तो एका लग्नात भेटला. साखर कारखान्यावर हंगामी कामाला होता. कडवटपणा अजिबात नव्हता, नुसतं हसून विचारलं, "सर, तो तक्ता आहे का हो अजून?" मी काहीतरी पुटपुटलो. तक्ता तेव्हाही माळ्यावर होता.

म्हणून पहिली गोष्ट: वर्गाची सुरुवात प्रभूच्या पुन्हा येण्याच्या सांगितल्या गेलेल्या तारखांच्या इतिहासाने करा. टवाळीसाठी नाही. मुलांना कळावं म्हणून, की चुकलेली माणसं मूर्ख नव्हती. विल्यम मिलर हा अमेरिकेतला शेतकरी, बॅप्टिस्ट, मन लावून शास्त्र वाचणारा. दानीएल ८:१४ मध्ये २३०० संध्याकाळ-सकाळ आहेत. एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं, आरंभ इराणच्या अर्तहशश्त राजाच्या आज्ञेपासून म्हणजे इ.स.पू. ४५७ पासून धरला, की ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याचा हिशोब १८४३ वर येतो. इसवी सनात शून्य साल नाही हे लक्षात आल्यावर तो १८४४ वर सरकला. शेवटी त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस पक्का केला. काहींनी शेतातलं उभं पीक काढलंच नाही. तेवीस तारीख उजाडली. त्या निराशेतून सावरलेल्या काही लोकांतून पुढे सेवन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्याचं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच. हे सगळं फळ्यावर मांडा आणि मुलांना बेरीज-वजाबाकी करायला लावा. गणित कुठंच चुकलेलं नाही. प्रश्नच असा विचारला होता, ज्याचं उत्तर द्यायला प्रभूने मत्तय २४:३६ मध्ये आणि पुन्हा प्रेषितांची कृत्ये १:७ मध्ये साफ नकार दिला होता.

नंतरची नावं भराभर घ्या. १९४८ मध्ये इस्राएल झालं, पिढी चाळीस वर्षांची, म्हणून १९८८: अमेरिकेत एका माजी अभियंत्याने त्याची अठ्ठ्याऐंशी कारणं छापली. अमेरिकन रेडिओ-उपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितली, मग २१ ऑक्टोबर. पुढच्या वर्षी तारीख सांगणं हे आपलं पाप होतं असं त्याने जाहीरपणे कबूल केलं. हे कबूल करायला धैर्य लागतं. मला लग्नाच्या मांडवात ते जमलं नव्हतं.

आता शब्दाकडे या. आपल्याकडे 'भविष्य' म्हटलं की रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य आठवतं. जुन्या मराठी शास्त्रात यशया-यिर्मयाला 'भविष्यवादी' म्हटलेलं असे. आजच्या आपल्या भाषांतरात 'संदेष्टा' आहे, आणि हा बदल मला फार मोलाचा वाटतो. संदेष्टा म्हणजे निरोप आणणारा. निरोप कुणाचा, कुणाला, आणि त्या माणसाने तो ऐकून काय करायचं, हे तीन प्रश्न त्या एका शब्दात येतात. आमोस, होशेय वाचा. होणाऱ्या गोष्टींपेक्षा चालू असलेल्या पापांवरच त्यांचा जास्त वेळ जातो. प्रकटीकरण १:३ मध्येही धन्य म्हटलंय ते वाचून दाखवणाऱ्याला, ऐकणाऱ्यांना आणि पाळणाऱ्यांना. उलगडा करणाऱ्याचं तिथं नाव नाही. वाचणारा एक, ऐकणारे अनेक: म्हणजे हे पुस्तक मंडळीत मोठ्याने वाचायचं होतं.

तेच करा. पहिल्या बैठकीत काहीही शिकवू नका, बावीसच्या बावीस अध्याय वाचून काढा. सव्वा ते दीड तास लागतो. चार-पाच वाचक आधी ठरवा, त्यांना घरी सराव करायला सांगा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला भीती होती की लोक पेंगतील. अठराव्या अध्यायात, बाबेल पडल्यावर व्यापारी रडतात तिथे मालाची यादी येते: सोनं, रुपं, मोती, तागाचं कापड, दालचिनी, द्राक्षारस, तेल, गुरं, मेंढरं, आणि शेवटी माणसांचे जीव. वाचणारी मुलगी त्या शेवटच्या शब्दांपाशी थांबली. तिने मुद्दाम केलं नव्हतं, श्वास घ्यायला थांबली. खोलीत जी शांतता पसरली ती मला माझ्या तक्त्याने कधी मिळवून दिली नव्हती.

दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायातल्या सात मंडळ्यांना घाई न करता दोन बैठका द्या. हे पुस्तक म्हणजे पत्र आहे, आणि पत्रावर पत्ता आहे. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया: सगळी आजच्या तुर्कस्तानातली. स्मुर्णा म्हणजे आजचं इझमीर. नकाशावर बोट फिरवलं तर पत्र घेऊन निघालेल्या माणसाचा रस्ताच समोर येतो. लावदिकीयाच्या मंडळीला पत्रात 'कोमट' म्हटलंय, ते घ्या. जवळच हिरापोलिसला गरम पाण्याचे झरे आहेत, आजही लोक तिथे जातात. दुसऱ्या बाजूला कलस्सै इथलं पाणी गार. लावदिकीया श्रीमंत गाव, पण पाणी नळांतून लांबून आणायचं. ते येईपर्यंत ना गरम ना गार, वर क्षारांनी जड. आपण वर्षानुवर्षं 'गरम म्हणजे आत्म्याने पेटलेला, थंड म्हणजे नास्तिक' असं शिकवत आलो. त्या गावच्या माणसाने ऐकलं असेल ते वेगळं: गरम पाण्याचा उपयोग आहे, गारचाही आहे, तुझा मात्र काहीच नाही. वज्रेश्वरीची कुंडं पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पर्गममध्ये 'सैतानाचं आसन' आहे म्हणतात. तिथे इ.स.पू. २९ मध्ये सम्राट ऑगस्टसच्या देवळाला परवानगी मिळाली होती, झ्यूसची भव्य वेदीही होती. ती आता बर्लिनच्या संग्रहालयात आहे. इफिसमध्ये रोमन सम्राट डोमिशियनच्या घराण्याचं देऊळ हे पुस्तक लिहिणाऱ्या योहानाच्या हयातीतच उभं राहिलं. बहुतेक अभ्यासक पुस्तकाचा काळ डोमिशियनच्या अखेरीचा, इ.स. ९५ च्या आसपासचा धरतात. काहींच्या मते ते त्याआधीच्या सम्राट नीरोच्या धामधुमीतलं, साठीच्या दशकातलं. दोन्ही मतं सांगा आणि पुढे चला, त्यावर तासभर घालवू नका. महत्त्वाचं हे की ऐकणाऱ्यांना रोज ठरवावं लागत होतं: बाजारात, कारागिरांच्या संघात, सम्राटाच्या नावाच्या मेजवानीत बसायचं की नाही.

इथे एक प्रसंग सांगतो, कारण शिकवण्याविषयी मला जे काही कळलं त्यातलं निम्मं त्यातून कळलं. सहावा अध्याय चालू होता. तिसरा शिक्का, काळा घोडा, स्वाराच्या हातात तराजू. दिवसभराच्या मजुरीला जेमतेम एका माणसापुरते गहू, तेवढ्याच पैशात तिप्पट जव, आणि तेलाला व द्राक्षारसाला हात लावू नको अशी आज्ञा. तेलाचा आणि द्राक्षारसाचा अर्थ मी चार भाष्यांतून गोळा करून आणला होता. मागच्या बाकावर एक आजी बसायच्या, नऊवारीतल्या, अंगठाबहाद्दर; वचनं सगळी कानाने पाठ. त्या म्हणाल्या, "मास्तर, ह्यात काय एवढं? बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जात होतो. गहू डोळ्याला दिसत नव्हता, तांबडा मिलो खाल्ला, सुकडीवर पोरं जगवली. पण ज्यांच्याकडं होतं त्यांच्याकडं सगळं होतं. दारूचं दुकान एक दिवस बंद नव्हतं." मी भाष्यं मिटली. गरिबाच्या ताटातलं धान्य जातं आणि श्रीमंताच्या चैनीच्या वस्तूंना धक्का लागत नाही, असा अर्थ बऱ्याच विद्वानांनीही लावलाय. आजींना त्यासाठी ग्रीक लागलं नाही. त्यानंतर प्रत्येक वर्गात मी आधी विचारतो, हे कुणी पाहिलंय का? दुष्काळ, साथ, गाव सोडणं, पोलिसांची भीती. कुणी ना कुणी पाहिलेलं असतं.

मग तुमचा ६६६, तेराव्या अध्यायातल्या श्वापदाचा आकडा. हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येणार, तेव्हा तयारीत राहा. इब्री आणि ग्रीक भाषांत आकड्यांसाठी वेगळी चिन्हं रूढ नव्हती, अक्षरंच आकडे होती. आपल्या जुन्या पोथ्यांत शक लिहिताना चंद्र म्हणजे १, नेत्र म्हणजे २, वेद म्हणजे ४ असं लिहायचे; त्या कालगणनेची सवय असलेल्या वाचकाला ते कोडं वाटत नसे. तसंच हे. 'नेरोन केसर', म्हणजे सम्राट नीरो, ही इब्री अक्षरं घ्या: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, म्हणजे ३०६. कोफ १००, सामेख ६०, रेश २००, म्हणजे ३६०. एकूण ६६६. आणि गंमत बघा: काही प्राचीन हस्तलिखितांत हा आकडा ६१६ आहे. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला सापडलेल्या एका पपायरसवर तोच आहे. 'नेरोन' मधला शेवटचा नून काढला, लॅटिन उच्चाराप्रमाणे 'नेरो' केलं, की बरोबर पन्नास कमी होतात. दोन्ही आकडे एकाच नावाकडे जातात, हे मला तरी योगायोग वाटत नाही. पण एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इरेनियस या मंडळीच्या आद्य लेखकाने या आकड्यावर लिहिलं, ६१६ ही नकलाकाराची चूक म्हणून बाजूला काढली, दोन-तीन नावं सुचवली, आणि त्यांत नीरो नव्हता. म्हणजे योहानानंतर शंभरेक वर्षांतच मंडळी या आकड्यावर अडखळत होती.

नीरोचा अर्थ मानला तरी श्वापद तिथेच संपतं असं नाही. जो सम्राट देव होऊन बसतो त्या प्रत्येकाचं ते चित्र आहे असं मी शिकवतो. पण चित्र आधी त्यांच्या काळात नीट पाहायचं, मग आपल्या. उलटं केलं की काय होतं ते आपण भोगलंय. बारकोड आले तेव्हा सांगितलं गेलं की त्यातल्या तीन लांब रेघांच्या जोड्या म्हणजे तीन सहा. त्या रेघा दिसायला सहाच्या खुणेसारख्या असतात एवढंच, आकडा म्हणून यंत्र त्या वाचतच नाही. सुरुवात, मध्य आणि शेवट कळण्यासाठी त्या असतात. मग आधार कार्ड आलं, मग करोनाची लस. लशीच्या वेळी आमच्या भागातल्या एका बाईंनी 'श्वापदाची खूण' म्हणून ती घेतली नाही, आणि त्यांच्या मुलाने मला फोन करून विचारलं की काका, तुम्हीच सांगा ना तिला. मी गेलो. तेरावा अध्याय काढला आणि फक्त पुढचं वाचत राहिलो. तेराव्याच्या शेवटच्या ओळीत आकडा आहे. चौदाव्याच्या पहिल्याच ओळीत कोकऱ्याबरोबर उभे असलेले लोक आहेत, ज्यांच्या कपाळावर पित्याचं नाव लिहिलंय. मध्ये अध्यायाची जी रेघ येते ती योहानाने ओढलेली नाही, तेराव्या शतकातली आहे. खुणा दोन आहेत, समोरासमोर. श्वापदाची खूण हातावर किंवा कपाळावर असते, ते हात आणि कपाळ कुठून आलं तेही दाखवलं: अनुवाद ६:८, देवाच्या आज्ञा हाताला बांध, कपाळावर लाव. प्रश्न तू कोणाचा आहेस असा आहे. बाई म्हणाल्या, म्हणजे नकळत लागत नाही होय ती? नाही, म्हटलं, कोणाची भक्ती करायची हे न ठरवता ती कुणालाच लागत नाही. पुढच्या आठवड्यात त्या लस घेऊन आल्या.

याच संदर्भात एक विनंती. एका सभेत मी आपल्या शेजाऱ्यांच्या कपाळावरच्या कुंकवाला श्वापदाची खूण म्हटलेलं ऐकलं आहे. लाजेने मान खाली गेली. तुमच्या वर्गात कुणी असं बोललं तर तिथल्या तिथे थांबवा, "नंतर बोलू" म्हणू नका.

आता 'उचलले जाणं', म्हणजे प्रभू येताना विश्वासणारे त्याला भेटायला अंतराळात घेतले जाणं. १ थेस्सलनीकाकरांस ४ हा अध्याय आपण सगळ्यांनी कबरस्तानात ऐकलेला आहे, आणि तोच त्याचा खरा पत्ता आहे. थेस्सलनीकातल्या काही लोकांची माणसं वारली होती, प्रभू आला तर ही मेलेली माणसं मागे राहतील का, अशी त्यांना चिंता होती. पत्र लिहिणारा पौल म्हणतो, तीच आधी उठतील. शेवटचं वाक्य 'या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा' अशा अर्थाचं आहे. ज्या वचनाने सांत्वन करायला सांगितलं त्याने आपण मुलांना घाबरवतो, हा उफराटा प्रकार कसा झाला? प्रभूला 'भेटायला' अंतराळात जाणं, यातला ग्रीक शब्द अपान्तेसिस. तोच शब्द दहा कुमारींच्या दाखल्यात नवऱ्याला सामोरं जाण्यासाठी आहे आणि पौल रोमला येत असताना बंधू त्याला भेटायला अप्पियाच्या पेठेपर्यंत आले तिथेही आहे. दोन्ही ठिकाणी सामोरे गेलेले लोक पाहुण्याला घेऊन परत येतात. आपल्याकडे लग्नात वऱ्हाड वेशीवर आलं की सीमांतपूजन करून त्याला गावात आणायचे, वेशीवरूनच त्यांच्या गावी निघून जायचं नसे. मला हे चित्र पटतं. मात्र एका शब्दावर सगळा इमला रचू नये. शेवटच्या काळातल्या महासंकटापूर्वी मंडळी उचलली जाईल असं मानणारेही याच उताऱ्यावर उभे असतात, आणि त्यांतली अनेक माणसं माझ्यापेक्षा जास्त शास्त्र जगलेली आहेत.

यातून तुमचा दुसरा प्रश्न: मग मत कोणतं शिकवायचं? मंडळीचा जो विश्वास आहे तो आधी सरळ मांडा, कारण वर्ग मंडळीने दिलाय. पण तोच एकमेव आहे असं भासवू नका. महासंकटापूर्वीचं उचलणं आणि युगांचे कप्पे ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी आणि त्याच्या ब्रदरन पंथाच्या लोकांकडून पुढे आली. १९०९ च्या स्कोफील्डच्या टीपांच्या बायबलने ती जगभर पोचवली, आणि पेंटेकॉस्टल सभांमधून ती आपल्या गावोगावी आली. इरेनियससारखे पहिल्या शतकांतले काही जण विसाव्या अध्यायातलं ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य अक्षरशः मानायचे, पण उचलण्याची ही विभागणी त्यांच्याकडे नाही. ऑगस्टीनने हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासूनचा मंडळीचा काळ असं मांडलं. कॅथॉलिक शिकवण आणि सुधारणेतल्या बऱ्याच मंडळ्या साधारण त्याच बाजूच्या. वसईच्या कॅथॉलिक घरात तुम्हाला तक्ता सापडणार नाही, पण आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी प्रभूच्या पुन्हा येण्याचंच वाचन होतं. लूथरने १५२२ च्या प्रस्तावनेत हे पुस्तक आपल्या पचनी पडत नाही अशा अर्थाचं लिहिलं. कॅल्विनने नव्या करारातल्या बहुतेक पुस्तकांवर भाष्य केलं, यावर नाही. बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या ते शास्त्र मानतात आणि तरी उपासनेतल्या नेमलेल्या वाचनांत ठेवत नाहीत. हे सांगितलं की मुलांना धक्का बसतो, बसू द्या. मी स्वतः हजार हा आकडा मोजायचा मानत नाही, आणि कुणी विचारलं तर लपवत नाही. पण सगळ्यांच्या मताखाली एक पाया आहे: तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल, हे आपण सगळेच विश्वासांगिकारात म्हणतो.

इस्राएलबद्दल बोलताना सावध राहा, विशेषतः त्या वडिलांच्या बातम्यांच्या पार्श्वभूमीवर. यहेज्केल ३८ मध्ये इस्राएलवर चालून येणाऱ्यांतला मेशेख म्हणजे मॉस्को आणि तुबाल म्हणजे तोबोल्स्क, हे तुमच्या ग्रुपवर आलंच असेल. उच्चार जुळला म्हणून नातं लावायचं तर रोहा आणि रोम एकच म्हणावं लागेल. मुश्की आणि तबाल हे लोक अश्शूरच्या लेखांत सापडतात, आजच्या तुर्कस्तानाच्या भागातले. दुसरं असं की आपल्याला इस्राएल ही गोष्ट तक्त्यावरची सोंगटी म्हणून शिकवता येत नाही, निदान येऊ नये. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल यहुदी, शनवार तेली म्हणून शतकानुशतकं आपल्यात राहिलेले, मराठीत कीर्तनं करणारे लोक, १९४८ नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. तिथे त्यांना आपण खरे यहुदी आहोत हे पटवून देण्यासाठी निदर्शनं करावी लागली, १९६४ मध्ये तो वाद मिटला. इस्राएलमधल्या डिमोना शहरात आजही पुरणपोळी होते. हे लोक आणि त्यांचे पॅलेस्टिनी शेजारी, ज्यांत आपल्यासारखे ख्रिस्ती आहेत, यांच्यावर पडणारा प्रत्येक बॉम्ब 'वचन पूर्ण होतंय' म्हणून आनंदाने फॉरवर्ड करणं मला सहन होत नाही.

त्या वडिलांना वर्गात आणा, ग्रुपवर वाद घालू नका. मी असं करतो: त्यांनाच एक काम देतो. गेल्या दोन वर्षांत आपण पाठवलेल्या अशा किती बातम्या, त्यातल्या किती पुढे तशा घडल्या, हे त्यांनी वहीत लिहून आणायचं. रागावून नाही, आदराने, "काका, तुमच्याइतकं हे कुणी पाहत नाही" असं म्हणून. एकांनी खरंच वही केली. चौथ्या पानावर थांबले आणि नंतर सकाळी स्तोत्र पाठवायला लागले. दुसऱ्या एकांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं. दोन्ही होऊ शकतं.

घाबरलेल्या मुलांसाठी वेगळं बसा, वर्गात सगळ्यांसमोर नको. अकरा वर्षांची एक मुलगी शाळेतून आली, घराला कुलूप नव्हतं, आत कोणी नव्हतं, चुलीवर दूध ठेवलेलं. आई रेशनच्या दुकानात गेली होती आणि आजी मागच्या अंगणात. त्या दहा मिनिटांत मुलगी धरून चालली की सगळे उचलले गेले आणि मी राहिले. दूध उतू गेलं तरी ती दाराच्या चौकटीला धरून उभी. त्याआधीच्या रविवारी आमच्याच मंडळीत पाहुण्या वक्त्याने 'मागे राहिलेले' यावर संदेश दिला होता, मुलं पहिल्या ओळीत बसलेली. तिच्याशी मी प्रकटीकरण बोललोच नाही. थेस्सलनीकाकरांसच्या त्याच अध्यायातलं एक वाक्य तिच्याकडून वाचून घेतलं, आपण सदासर्वदा प्रभूजवळ राहू, आणि विचारलं, यात 'आपण' आहे की 'मी'? असे वर्ग बारा वर्षांखालच्या मुलांना बसवून घेऊ नका, एवढं मात्र मंडळीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

तयारीसाठी भाष्यांच्या आधी जुना करार. चारशेहून थोड्या जास्त वचनांच्या या पुस्तकात थेट उद्धृत केलेलं वचन जवळपास नाही, पण पानोपानी निर्गम, दानीएल, यहेज्केल, जखऱ्या, यशया यांचे पडसाद आहेत. प्रकटीकरणातल्या सात कर्ण्यांच्या आणि सात वाट्यांच्या पीडा वाचण्याआधी मिसरच्या दहा पीडा वाचून घ्या, श्वापदाआधी दानीएल ७, शेवटच्या दोन अध्यायांआधी यशया ६५ आणि यहेज्केल ४७. दानीएल ८ आणि ११ साठी सिरियाचा राजा अंतियोख एपिफानेस याची गोष्ट माहीत हवी, इ.स.पू. १६७ मध्ये त्याने यरुशलेमचं मंदिर विटाळलं, तीन वर्षांनी ते पुन्हा शुद्ध झालं. पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळालं तर शेजारी ठेवा. त्यांनी मुद्दाम साध्या माणसाची मराठी धरली, अडलेली ओळ कधीकधी तिथे सुटते.

व्यवहाराचं थोडं. पहिल्या बैठकीला भरपूर लोक येतील, कारण विषयाचं आकर्षण. युद्धं, तारखा, श्वापद यांची उत्तरं मिळत नाहीत म्हटल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात निम्मे राहतील. पाळकसाहेबांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते तुम्हाला विषय रंगवायला सांगतील. शेवटची बैठक अंधार पडल्यावर ठेवा. एकविसावा आणि बाविसावा अध्याय वाचायला सगळ्यात कमी बोलणाऱ्या दोघांना द्या, आणि मोठ्या अक्षरांच्या दोन प्रती आधीच मागवून ठेवा. आमच्या आजींच्या सुनेने त्या वेळी चष्मा घरी विसरला होता आणि 'तान्हेला येवो' हे वाक्य तिने पाठच म्हटलं.